कॅम्पर ओढणाऱ्या पिकअपचं सस्पेन्शन: आधी वजनकाटा, मग स्प्रिंग

कॅम्पर जोडला की पिकअप मागून बसते, आणि पहिला विचार येतो तो मागे जाड स्प्रिंग टाकण्याचा. माझं ऐकाल तर आधी पुढच्या चाकांकडे बघा. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग पोकळ लागतं, ओल्या रस्त्यावर वळणात गाडी सरळ जायला बघते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

माझ्या गाडीचे आकडे देतो, म्हणजे हिशोब नीट कळेल. कॅम्पर दोन ॲक्सलचा, सामानासकट 2600 किलो. त्यातले 320 किलो हिचच्या (गाडीच्या मागच्या जोडणीच्या) बॉलवर, म्हणजे कॅम्पर ज्यावर अडकतो त्या गोळ्यावर येतात, साधारण 12 टक्के. बॉलवर जोडायच्या कॅम्परला हे प्रमाण 10 ते 15 टक्के असावं. बॉल मागच्या ॲक्सलपासून 1.25 मीटर मागे आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, 3.7 मीटर. तरफेच्या नियमाने 320 गुणिले 1.25 भागिले 3.7, म्हणजे 108. एवढे किलो पुढच्या ॲक्सलवरून उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर 320 नव्हे, 428 किलो वाढतात. गाडी उलार होते ती अशी. आता मागे कितीही दणकट स्प्रिंग टाका, गाडी सपाट दिसेल, पण ते 108 किलो पुढे परत येणार नाहीत.

म्हणून काहीही विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या, तीही प्रवासाला निघताना असते तशीच: माणसं बसलेली, हौद्यात सामान, डिझेल-पेट्रोलची टाकी भरलेली. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्या, एकदा कॅम्परशिवाय आणि एकदा जोडून. मग ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा. एकूण वजनाची आणि प्रत्येक ॲक्सलची मर्यादा बहुतेक तिथेच लिहिलेली असते. हिचवरचं 320, चार माणसांचे 280, हौद्यातलं 110 आणि हिचचं स्वतःचं 40 धरलं, तर माझी गाडी 750 किलो उचलते. तुमची बेरीज मर्यादेबाहेर जात असेल तर सस्पेन्शनचा विषय तिथेच थांबवा. एअर बॅग (मागच्या ॲक्सलवर बसणारी हवेची स्प्रिंग) किंवा जादा पाटा (लोखंडी पट्टीची स्प्रिंग) टाकल्याने ती मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी तीच राहते. अशा वेळी सामान कमी करायचं किंवा मोठी गाडी घ्यायची.

बेरीज मर्यादेत असेल तर पहिला खर्च वेट डिस्ट्रिब्युशन हिचवर करा. त्याच्या दोन स्प्रिंग-दांड्या ताणल्या की मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा कॅम्परच्या चाकांवर सरकतो. तो नीट बसलाय का हे बघायला मोजपट्टी पुरते. पुढच्या मडगार्डच्या कमानीपासून जमिनीपर्यंतची उंची, चाकाच्या बरोबर मधोमध घ्या. माझी कॅम्परशिवाय 940 मिलिमीटर, जोडल्यावर दांड्या न लावता 956, दांड्या ताणल्यावर 946. सोळातले दहा मिलिमीटर परत मिळाले. गाडीच्या मॅन्युअलमध्ये यातले किती परत आणायचे ते दिलेलं असतं, तेच पाळा. पुढचं मूळ उंचीपेक्षा खाली दाबलं जाईल इतक्या दांड्या ताणू नका. मागची चाकं हलकी होऊन निसरड्या रस्त्यावर शेपूट सरकते.

एवढं करूनही मागचं बसत असेल, स्पीडब्रेकरवर बंप स्टॉप (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून बसवलेले ठोकळे) धडकत असतील, तर मदतनीस स्प्रिंगचा विचार करा.

मला एअर बॅग आवडतात, कारण हवा कमी-जास्त करता येते. कॅम्पर सोडला की हवा कमी करायची आणि गाडी पुन्हा मऊ चालते. पण त्यांना लक्ष द्यावं लागतं. बॅग पूर्ण रिकामी ठेवून चालवली तर ती चिमटून फाटते, म्हणून अनेक किटमध्ये किमान 5 पीएसआय सांगितलेले असतात. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवा. एकाच टी-जॉइंटवर जोडल्या तर वळणावर भार आलेल्या बॅगेतली हवा पलीकडे पळते आणि गाडी आणखी झुकते. शिवाय दांड्या ताणल्यानंतर हवा वाढवली तर हिच वर येतो, दांड्या सैलावतात आणि पुढचं पुन्हा हलकं होतं. माझी पद्धत अशी: हौदा भरून, कॅम्पर न जोडता, बॅगेने गाडी नेहमीच्या उंचीला आणायची, मग कॅम्पर जोडून दांड्या ताणायच्या, आणि शेवटी मोजपट्टी.

रोज हवा बघायचा कंटाळा असेल तर बंप स्टॉपच्या जागी बसणारे पोकळ रबराचे स्प्रिंग घ्या. रिकाम्या गाडीत ते ॲक्सलला जेमतेम टेकतात किंवा टेकतही नाहीत, भार आला की हळूहळू घट्ट होतात. फाटायला नळी नाही, गळायला हवा नाही. जादा पाटा मात्र बाराही महिने हौदा भरलेला असेल तरच टाका. रिकाम्या गाडीत तो पाठीचा भुगा करतो. आणि मागे पाटे नसून कॉइल, म्हणजे गोल वेटोळ्याच्या स्प्रिंग असतील तर कॉइलच्या आत बसणारी बॅगच शोधावी लागेल.

शॉकअप वजन उचलत नाहीत, उसळी आवरतात. खड्ड्यानंतर गाडी एकदाच खालीवर होऊन थांबायला हवी. दोन-तीनदा डुलत असेल तर शॉकअप बदला, चारही एकदम. वळणात गाडी आडवी कलंडल्यासारखी वाटत असेल तर मागचा अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचं कलणं रोखणारी दांडी, कामाचा. हौद्यावर चढवायच्या उंच कॅम्परला तो विशेष लागतो. फिफ्थ व्हीलचा, म्हणजे हौद्यातल्या जोडणीवर टेकणाऱ्या कॅम्परचा मामला वेगळा आहे. त्याचं 15 ते 25 टक्के वजन जवळपास मागच्या ॲक्सलवरच उतरतं, पुढचं उचललं जात नाही, तिथे थेट एअर बॅग घ्यायला हरकत नाही.

टायर विसरू नका, मी तर त्यांना सस्पेन्शनमध्येच धरतो. कारचे मऊ बाजूचे टायर असतील तर वर कितीही चांगलं सामान बसवा, कॅम्परच्या हेलकाव्याबरोबर गाडीची शेपूट वळवळणारच. लोड रेंज ई चे (जास्त भाराच्या दर्जाचे) एलटी, म्हणजे लाइट ट्रकचे टायर 80 पीएसआयपर्यंत हवा घेतात. मागच्या ॲक्सलचं काट्यावरचं वजन टायरच्या भार-तक्त्यात बघून हवा भरा.

कॅम्पर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झोलत असेल तर मात्र स्प्रिंग शोधू नका. बहुधा हिचवर वजन कमी पडलेलं असतं. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो मागे, आणि तेवढंच हिचला हलकं करायला पुरतं. ती रिकामी करा, जड सामान पुढे घ्या, हिचचं वजन पुन्हा मोजा.

सामान बसवून झालं की पहिल्या काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे) टॉर्क रेंचने पुन्हा आवळा. एअर बॅगच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, नळी सायलेन्सरपासून लांब बांधलीय ना तेही. कॅम्पर जोडलेला असताना संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा आणि हेडलाइटचा झोत तपासा. वर गेला असेल तर खाली घ्या.