पित्त म्हणून सोडून देऊ नये: स्त्रियांमधील हृदयविकाराची लक्षणे

जांभळी नाक्यावरून भाजी घेऊन निघालेली पन्नाशीची बाई ठाणे स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना मध्येच थांबते, पिशवी पायाशी ठेवून कठडा धरते आणि 'सकाळपासून पोटात काही नाही, पित्त झालं असेल' अशी स्वतःची समजूत घालते. गेल्या महिन्यात हाच जिना ती न थांबता चढत होती, हे मात्र तिच्या ध्यानात येत नाही. लक्षणे ओळखण्याची सुरुवात येथूनच करावी. कालपरवापर्यंत सहज होणाऱ्या कामाने आता धाप लागत असेल किंवा छाती भरून येत असेल, आणि थांबल्यावर थोड्या वेळात बरे वाटत असेल, तर हृदयाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता धरून विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.

बायकांना हृदयविकारात छातीत दुखत नाही, हा पसरलेला समज घातक आहे, कारण त्यांच्यातही छातीचा त्रास हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण आहे. मात्र तो त्रास कळ येण्यासारखाच असतो असे नाही; दडपण, आवळल्यासारखे वाटणे किंवा जळजळ एवढेच जाणवू शकते, आणि त्याच्या जोडीला मळमळ, उलटी, दम लागणे, जबडा, मान किंवा पाठीत दुखणे, अकारण गळून जाणे ही लक्षणे पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक दिसतात. परिणामी दवाखान्यात ती मळमळीबद्दलच सांगत राहते आणि छातीतल्या दडपणाचा उल्लेख राहून जातो. तो सर्वांत आधी करावा. मधुमेह असलेल्या स्त्रीला तर कधीकधी दुखणे फारसे जाणवतही नाही, म्हणून तिला अचानक दम लागला किंवा दरदरून घाम आला तरी तेवढे पुरेसे समजावे.

गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढली होती का, पाळी चाळिशीआधीच गेली का, हेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या गोष्टींनी पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. मिश्री लावण्याची सवय संकोचाने लपवली जाते. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे.

विश्रांती घेऊनही त्रास थांबत नसेल, तर 'एवढ्या पोळ्या लाटून होऊ देत' हे घरच्यांनी ऐकून घेऊ नये. गॅस बंद करून तिला बसवावे आणि १०८ वर फोन करावा. एकटीला रिक्षाने पाठवू नये. संध्याकाळी घोडबंदर रस्त्यावर गाड्या किती वेळ अडकतात हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून चोवीस तास अँजिओप्लास्टीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे आधीच विचारून ठेवावे. तेथे पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढला जाणे अपेक्षित असते. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी हृदयविकार नाही असे ठरत नाही. त्रास चालू असेल तर ईसीजी पुन्हा काढण्याची आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) तपासण्याची विनंती सोबतच्या माणसाने स्पष्ट शब्दांत करावी.