उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन विदर्भातल्या गावी येताय? आठ दिवस असे घालवा

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीपासून आत. दर उन्हाळ्यात माझ्या दोन्ही नणंदांची मुलं पुण्या-मुंबईहून इथे येतात. धाकटा सहा वर्षांचा, थोरली तेराची, मधली तिघं. पहिल्या वर्षी मी त्यांना खूश करायच्या भरात जीप ठरवली आणि भर दुपारी देवळं, धरणं दाखवत हिंडवलं. तिसऱ्या दिवशी धाकट्याला ऊन लागलं, सलाईन लावावं लागलं, आणि उरलेली सुट्टी सगळ्यांनी त्याच्या बाजेभोवती बसून काढली. तेव्हापासून वेळापत्रक मी ठरवत नाही, ऊन ठरवतं. आणि मुलांना काही 'दाखवायचं' असं मनात ठेवत नाही. घरात, शेतात जे काम खरोखर चाललेलं असतं, त्यात त्यांना हात घालू देते. माझ्या अनुभवात मुलं त्यातच सर्वांत जास्त रमतात.

कधी यायचं, ते आधी ठरवा

मोहफुलं वेचायची असतील तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात या. आंबे आणि वाळवणं हवी असतील तर एप्रिलचा शेवट ते मे महिन्याचा मध्य. 25 मेच्या आसपास नवतपा सुरू होतो, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो ते नऊ दिवस. लहान मुलं असतील तर ते दिवस टाळाच. एरवीही मे महिन्यात इकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. गावातल्या मुलांची सोबत मिळेल का, ही काळजी नको. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तोवर गल्लीभर पोरं मोकळीच असतात.

सामान थोडंच आणा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला बांधायला पांढरा रुमाल, पायात बूट. चपला नकोत, बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. सोबत ओआरएसची पाकिटं आणि एक बॅटरी.

दिवस दोन ठिकाणी कापा

पहाटे पाच ते सकाळी नऊ हा पहिला तुकडा, संध्याकाळी साडेपाच ते रात्री झोपेपर्यंत दुसरा. मधला सगळा वेळ छपराखाली. हा नियम पाळला तर निम्म्या अडचणी येतच नाहीत. मुलं पाचला उठतील का, असं प्रत्येक आई विचारते. दोन दिवस कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी आपल्याआधी उठून अंगणात उभी असतात, कारण रात्री लवकर झोपलेली असतात.

पहिल्या दिवशी कोणताही कार्यक्रम ठेवू नका. फक्त घर दाखवा. विहीर कुठे आहे, कोठ्यात कोणत्या बैलाच्या मागे उभं राहायचं नाही, रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही. आणि कुलर दाखवा. हे मी मुद्दाम ठासून सांगते. आमच्या एका भाच्याने ओल्या पायांनी पत्र्याच्या कुलरला हात लावला आणि फेकला गेला. वाचला, पण ती किंकाळी मी विसरले नाही. कुलरमध्ये पाणी भरायचं ते मोठ्यांनीच, आणि आधी प्लग काढून. मुलांसाठी सरळ नियम: कुलरची हवा घ्यायची, कुलरला शिवायचं नाही.

पहाट: मोहाखाली

आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाची तीन झाडं आहेत. फुलण्याच्या दिवसांत झाडावर पानं जवळजवळ नसतात. फुलं रात्रभर पिकतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात. गळतं ते टपोऱ्या मोत्याएवढं, पिवळसर, रसाने भरलेलं फूल, आतून पोकळ. वास इतका गोड आणि जड की थोरली म्हणाली, "मामी, कुणीतरी पाक उकळतंय." जमिनीवर सडा पडलेला असतो. एका हातात टोपली घ्यायची आणि उकिडवं बसून पुढे सरकत वेचायचं. बोटं चिकट होतात, मग त्यांना माती लागते, मग ती माती तोंडाला लागते. लागू द्या.

फुलं नीट दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाला पेटवतात. त्याने जंगलाला आगी लागतात. आपण आदल्या संध्याकाळी पाला झाडून घ्यायचा, मुलांच्या हातात खराटा द्यायचा. आणखी एक गोष्ट, जिथे तडजोड नको. मोह अस्वलालाही आवडतो, आणि या पट्ट्यात वाघ आहेत. त्यामुळे मुलांना घेऊन जंगलातल्या मोहाखाली जायचंच नाही. गावालगतचं, शेतातलं झाड निवडा, चांगलं उजाडल्यावर निघा आणि सोबत दोन मोठी माणसं ठेवा.

वेचलेली फुलं ताडपत्रीवर पसरून वाळवा. तीन-चार दिवसांत ती मनुक्यासारखी तपकिरी होतात. धुऊन, शिजवून, वाटून पुरणात घातली की त्या पोळीला साखर फार कमी लागते. स्वतः वेचलेल्या फुलांची पोळी मुलं जास्तीची मागून खातात.

सकाळ: कुरड्यांचा चीक

माझ्या मते सुट्टीतली सगळ्यात मजेची सकाळ हीच. तयारी मात्र चार दिवस आधीपासून करावी लागते, आणि तीही मुलांच्याच हाताने करवून घ्या. गहू तीन दिवस भिजत ठेवायचे, पाणी रोज बदलायचं. पाण्याला आंबूस वास येतो, मुलं नाक दाबतात आणि तरी रोज डोकावतात. चौथ्या दिवशी गहू वाटून, गाळून, पांढरं दूध रात्रभर झाकून ठेवायचं. पहाटे वरचं पाणी अलगद ओतून टाकलं की तळाशी घट्ट सत्त्व बसलेलं दिसतं. ते पातळ करून घ्यायचं. मोठ्या गंजात पाणी, मीठ आणि हिंग उकळून त्यात एक जण सत्त्व ओततो, दुसरा न थांबता घोटतो. पांढरं दूध हळूहळू काचेसारखं होत जातं. तो बदल बघायला मुलांना चुलीपासून दोन हात अंतरावर पाटावर बसवा, जवळ नको. उकळता चीक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि खोल भाजतो.

शिजला की पहिली वाटी मुलांची. गरम चीक, वर कच्चं तेल आणि थोडं तिखट, किंवा नुसती साखर. मग सोऱ्या हातात द्या. चीक थोडा निवला की गच्चीवर धुतलेल्या साडीवर कुरड्या पाडायच्या. पहिल्या दहा वाकड्यातिकड्या येतील, त्या मोडून परत सोऱ्यात भरू नका. आमच्या सासूबाई प्रत्येकाच्या कुरड्यांची वेगळी ओळ लावतात आणि वाळल्यावर ज्याच्या त्याला तळून देतात. "ही माही हाय" म्हणत पुण्याची पोरं भांडतात तेव्हा मला फार बरं वाटतं.

ऊन चढायच्या आत, साडेआठपर्यंत गच्चीवरून सगळ्यांना खाली उतरवा. वाळवणाची राखण दारातून किंवा खिडकीतून, आळीपाळीने.

दुपार: घरातच

जेवण हलकं ठेवा. भात, वरण, कांदा, आंबील. दिवसातून दोनदा पन्हं द्या: कैऱ्या उकडून गर काढायचा, गूळ, मीठ, जिरेपूड, माठातलं पाणी. मूल सुस्त झालं, अंग तापलं, लघवी कमी झाली किंवा गडद पिवळी होऊ लागली, तर त्याला आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या कपड्याने अंग पुसा आणि ओआरएस घोट घोट पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. मूल गुंगीत गेलं, बरळू लागलं किंवा उलट्या थांबेना झाल्या, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा.

लाईन गेली की मोबाईल आपोआप बाजूला पडतो. तेव्हा अष्टचंगाचा खेळ काढा. चिंचोके खडबडीत दगडावर घासून उभे दुभंगायचे, म्हणजे एक बाजू काळी, एक पांढरी. असे चार तुकडे हवेत. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखायची, चारही कडांच्या मधल्या घरांत आणि मधोमध फुली. फुलीच्या घरात कुणी कुणाला मारत नाही. चिंचोके टाकून जितके पांढरे पडतील तितकी घरं. चारही पांढरे म्हणजे चार, चारही काळे म्हणजे आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा डाव. बाहेरून फिरून आत मध्यावर पोचायचं. आत शिरायच्या आधी दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारलेली हवी, असं आमच्याकडे खेळतात. बाकीचे नियम गावागणिक बदलतात, ते आबाजींना विचारू द्या. नातवंडांना खेळ शिकवताना आमचे आबाजी दुपारची झोपही विसरतात.

संध्याकाळ: तलावाच्या पाळीवर

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या भातपट्ट्यात, असे जुने तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे गेले आणि 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. म्हणून माजी मालगुजारी तलाव, थोडक्यात मामा तलाव. आमच्या भाच्यांना बरीच वर्षं वाटायचं की तो त्यांच्या मामाचाच आहे.

पाळीवर बसून मुलांना एकच काम द्या: वहीत पक्ष्यांची चित्रं काढायची. नावं नंतर. टिबुकली बुडी मारून नेमकी कुठे वर येते यावर पैज लावा, अर्धा तास कुठे जातो कळत नाही. गळ टाकायचा असेल तर आधी विचारा, कारण बहुतेक तलाव मासेमारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. आमच्या गावचे ढिवर काका मुलांना हाताशी बसवून गळाला गांडूळ लावायला शिकवतात. पहिल्या दिवशी कुणी हात लावत नाही, दुसऱ्या दिवशी डब्यावरून ओढाताण होते. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. उन्हाळ्यात पाणी गुडघाभर दिसतं, पण खाली गाळ कमरेपर्यंत असतो.

एक रात्र पानग्यांची

दहा माणसांना दीड किलो रवाळ कणीक घ्या. मीठ, ओवा आणि पाव वाटी कडकडीत तेल घालून घट्ट भिजवा. मुलांना पळसाची मोठी पानं तोडून, पुसून आणायला सांगा. हाताने थापलेला बोटभर जाड पानगा दोन पानांच्या मध्ये ठेवायचा. गोवऱ्या पेटवून धूर संपू द्या, लाल निखारा झाला की त्यावर पानगे मांडा आणि वरूनही निखारे घाला. मधे एकदा उलटा. अर्ध्या-पाऊण तासात पान जळून जातं आणि पानग्यावर त्याच्या शिरांची नक्षी उमटते. राख झटकून, मोडून, त्यावर तूप. सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी, मुलांसाठी तिखट घालायच्या आधी थोडी काढून ठेवलेली.

मग अंगणात बाजा टाका. जमिनीवर अंथरूण नको. मण्यार रात्री फिरतो आणि खाली झोपलेल्यांनाच बहुधा चावतो. मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. कुणाला साप चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, थेट सरकारी दवाखान्यात.

मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी चांगले वर असतात. त्यातल्या चार ताऱ्यांच्या चौकोनी खाटेच्या पुढच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ पुढे वाढवली की ध्रुव सापडतो. आपण साधारण 21 अक्षांशावर आहोत, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. हात लांब करून मुलांना मुठीवर मूठ ठेवायला सांगा, दोन मुठी झाल्या की तिथेच तो. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, आणखी पुढे चित्रा.

बाहेरची सहल एकच

आठ दिवसांत एकच, तीही पहाटे निघून. आमच्यासारखे पूर्वेकडे असाल तर नागझिरा. चंद्रपूरकडे असाल तर ताडोबा. तिथे मंगळवारी सफारी बंद असते आणि बुकिंग बरंच आधी करावं लागतं. वाघ दिसेलच असं मुलांना सांगून नेऊ नका, वाळवीची वारुळं आणि अस्वलाच्या नखांचे ओरखडे शोधायला लावा. वर्ध्याकडे असाल तर सेवाग्राम. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. भर उन्हात बापू कुटीत पाय ठेवला की मातीच्या भिंतींचा गारवा मुलांना न सांगता कळतो. बुलढाण्याकडे लोणार आहे, उल्केच्या आघाताने झालेलं, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर. उतरायचं तर उजाडताच, आणि वर चढायला लागणारा वेळ धरूनच. अमरावतीकडच्यांना चिखलदरा. तिथे उंचीमुळे दुपारही सुसह्य असते, आणि कॉफीची झाडं पाहायला मिळतात.

निघायच्या आदल्या दिवशी कुरड्या पत्र्याच्या डब्यात उभ्या रचा, थरांमध्ये कागद घाला आणि डबा मुलांच्याच मांडीवर द्या. डिकीत टाकलेला डबा नागपूरपर्यंत भुगा होतो. चिंचोक्यांचा संच रुमालात बांधा, जास्तीचे दोन तुकडे घालून, कारण गाडीत हमखास एक हरवतो.