रास्पबेरी पायवर जुने व्हिडिओ गेम चालवताना

रास्पबेरी पायसारख्या छोट्या, एकाच बोर्डाच्या संगणकावर जुने खेळ अडखळू लागले की दोष संगणकाच्या ताकदीला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा चार्जरचा, मेमरी कार्डाचा किंवा टीव्हीचा असतो. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या खेळयंत्राचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा होता, आणि आपल्याकडे ‘कॅसेट’ घालून खेळले गेलेले बरेचसे संच त्याच्याच नकला होत्या. त्यामुळे या खेळांसाठी २ जीबीचा रास्पबेरी पाय ४ पुरून उरतो.

खरेदीसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, सोयीचा आहे. तेथे बोर्डाइतकीच चौकशी चार्जरची करावी; तो ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा हवा. फोनच्या चार्जरवर काम भागेल या समजुतीने मी दोन आठवडे एम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या खेळयंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग्ज बदलत बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे पिवळे चिन्ह उमटत होते, म्हणजेच व्होल्टेज सुमारे ४.६३च्या खाली जाऊन प्रोसेसरचा वेग आपोआप कमी होत होता, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

असे अनेक एम्युलेटर एकत्र देणाऱ्या रेट्रोपाय या प्रणालीची पाय ४साठीची प्रतिमा (इमेज फाइल) रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामने मेमरी कार्डावर उतरवावी, कंट्रोलरची बटणे नेमून द्यावीत आणि खेळांच्या फाइली ‘रॉम्स’ फोल्डरमध्ये ज्या त्या कन्सोलच्या नावाखाली ठेवाव्यात. खेळ जुना झाला म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही. १९५७च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ५२ राखीव प्रतीची मुभा देते, ती प्रोग्रामची मूळ प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यालाच. हौशी मंडळींनी नव्याने लिहून विनामूल्य दिलेले खेळही पुष्कळ आहेत. घरातली कॅसेट रीडरने वाचायची असेल तर तिचे संपर्कबिंदू आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. मुंबईच्या दमट हवेत ते काळवंडतात आणि आपण लहानपणी मारलेल्या फुंकरीने त्यात ओलाव्याची भरच पडत होती.

बटण दाबल्यावर उडी उशिरा पडत असेल तर प्रथम टीव्हीचा गेम मोड सुरू करावा. चित्राचेही असेच: जुन्या खेळाच्या चित्रातल्या २४० ओळी १०८० ओळींच्या पडद्यावर साडेचारपट होतात आणि ठिपके वेडेवाकडे दिसतात. रेट्रोपायमधले एम्युलेटर चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये ‘इंटिजर स्केल’ (पूर्णांकी पट) लावून ते चौपट ठेवावेत, वरखाली थोडी काळी पट्टी राहिली तरी चालेल.

खेळातल्या प्रगतीची नोंद (सेव्ह) बहुधा एम्युलेटर बंद होतानाच कार्डावर लिहिली जाते. म्हणून आधी सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबून बाहेर पडावे, मेनूतून यंत्र बंद करावे आणि मगच प्लग काढावा. नाहीतर तासाभराची मेहनत जातेच, कधी कार्डही जाते.

पायऐवजी निन्टेंडोच्या जुन्या वी कन्सोलमध्ये फेरफार करणार असाल, तर इतर काहीही बसवण्यापूर्वी बूटमी या प्रोग्रामने त्याच्या ५१२ एमबी अंतर्गत मेमरीची प्रत एसडी कार्डावर काढावी आणि ती त्याच कार्डावर न ठेवता संगणकावर हलवावी.