"ह्यो दर्यात खंय रवता?": लहान मरीन टँकसाठी प्राणी निवडताना

माझी टाकी दोन फुटांची आहे. लांबी 60 सेंटिमीटर, रुंदी आणि उंची 40-40. हिशेबाने ती 96 लिटरची, पण वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी 80 लिटरच्या आसपास उरतं. ठाण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला लागून ती सहा वर्षं उभी आहे. घरी येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, "मलाही करायचंय, यात कुठले मासे सोडू?" फिल्टर, दिवे, मीठ यांची माहिती सहज मिळते. प्राणी निवडताना मात्र माणूस दुकानातल्या रंगांना भुलतो. मीही भुलले आणि त्याची किंमत एका माशाने मोजली. ते पुढे सांगते.

माझे बाबा मालवणचे, सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलेलं. टाकी घेतली तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले होते. मी दुकानातून एकेका माशाचा फोटो त्यांना पाठवायचे. सुंदर आहे की नाही, हे ते कधीच बोलले नाहीत. दर वेळी एकच प्रश्न यायचा, "ह्यो दर्यात खंय रवता?" खडपात, वाळूत, की उघड्या पाण्यात? मला सांगता यायचं नाही. मग घरी येऊन शोधायचे, वाचायचे. लहान टाकीसाठी प्राणी निवडायचा असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

कारण काही मासे समुद्रातही हातभर जागेतच जगतात. क्लाउनफिश आपलं समुद्रफूल, म्हणजे तो ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा दिसणारा प्राणी, सोडून फार लांब जात नाही. वॉचमन गोबी दिवसभर आपल्या बिळाच्या तोंडाशी बसून असतो. अशा माशाला दोन फूट टाकीत कोंडल्यासारखं होत नाही. उलट निळा टँग घ्या. दुकानात तो चार-पाच सेंटिमीटरचा असतो, मुलं त्याच्यासाठी हट्ट धरतात. पूर्ण वाढला की तो 30 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर प्रवाळांवरून पोहत असतो. दुकानदार म्हणेल, "ताई, टाकीएवढाच वाढतो तो." यावर विश्वास ठेवू नका. टाकी लहान म्हणून मासा सुखाने लहान राहत नाही, तो खुरटतो, आजारी पडतो आणि वेळेआधी मरतो.

आता माझी चूक. टाकी चार महिन्यांची होती. एका दुकानात मला मँडरिन दिसला. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेषा, हिरव्या कडा, पंखे हलवत दगडावरून सरकत चाललेला. इतका देखणा मासा मी तोवर पाहिला नव्हता. बाबांच्या प्रश्नाचं उत्तरही या वेळी माझ्याकडे तयार होतं. तो दगडांच्या खाचांमधून फिरतो, मोठ्ठं मैदान लागत नाही, जेमतेम सात-आठ सेंटिमीटरचा राहतो. दुकानदार म्हणाला, "याला वेगळं काही घालावं लागत नाही, दगडावरचं आपोआप टिपून खातो." ते खरंच होतं. पण दगडावर टिपण्यासारखं किती आहे, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मँडरिन खातो ते कोपेपॉड, म्हणजे दगडावर आणि वाळूत राहणारे, डोळ्यांना कसेबसे दिसणारे कवचधारी जीव. तो दिवसभर मिनिटामिनिटाला चोच मारल्यासारखा एकेक टिपत असतो. माझ्या चार महिन्यांच्या टाकीतले कोपेपॉड त्याने बघता बघता संपवले. मी गोठवलेली आर्टिमिया, म्हणजे माशांना घालतात ती बारीक कोळंबी, नळीने त्याच्या तोंडासमोर सोडायचे. तो थांबायचा, डोळा फिरवून बघायचा आणि पुढे सरकायचा. तिसऱ्या आठवड्यात डोक्यामागे खळगा दिसू लागला, मग पोट आत गेलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला सापडला. भरल्या टाकीत, माझ्या डोळ्यांदेखत तो उपाशी मेला. तेव्हापासून बाबांच्या प्रश्नाला मी दुसरा जोडला: तो खातो काय, आणि ते मी रोज देऊ शकते का?

या दुसऱ्या प्रश्नाने बरीच नावं यादीतून जातात. क्लीनर रास हा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो, लहान टाकीत त्याला ग्राहकच नाहीत. समुद्रफूल मासा नसला तरी नवीन माणूस क्लाउनफिशसोबत तेही मागतोच. त्याला भरपूर प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते. शिवाय ते जागा सोडून चालू लागतं, पॉवरहेडमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपात, अडकून चिरडतं आणि सगळं पाणी नासवतं. हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेल्या क्लाउनफिशला समुद्रफुलावाचून काही अडत नाही. माझ्या जोडीने पॉवरहेडखालचा कोपरा आपला मानला आहे आणि तिथे माझा हात गेला तर मादी बोटाला चावते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून ठेवा. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने समुद्रघोडे, दगडी प्रवाळ आणि समुद्रकाकड्यांना संरक्षण दिलेलं आहे. कोस्टल रोडच्या कामाआधी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळसुद्धा वनखात्याची परवानगी काढून दुसरीकडे हलवावे लागले. म्हणून दुकानात समुद्रघोडा दिसला, "लाइव्ह रॉक" म्हणून प्रवाळाचा तुकडा समोर ठेवला, तर ते दुकान सोडा. मी सिरॅमिकचे सच्छिद्र दगड वापरले. पाण्यातली घाण पचवणारे जिवाणू त्यांच्यावरही छान वाढतात, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. मालवणच्या खडपातून किंवा मुंबईच्या किनाऱ्यावरून ओहोटीला जिवंत प्राणी उचलून आणायचा मोहही नको.

माझ्या टाकीत आज तीन मासे आहेत, एवढेच. क्लाउनफिशची एक जोडी आणि एक पिवळा वॉचमन गोबी. सोबत एक पिस्टल श्रिंप, एक क्लीनर श्रिंप, सहा शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि रिकाम्या शंखात राहणारे तीन लहान हर्मिट खेकडे. पाहुण्यांना टाकी रिकामी वाटते. पण जरा वेळ स्टूल घेऊन समोर बसा.

गोबी आणि पिस्टल श्रिंप एकाच बिळात राहतात. कोळंबीला नीट दिसत नाही. ती पुढच्या चिमट्यांनी वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी दाराशी राखण करतो. कोणी जवळ आलं की तो शेपटीला एक बारीक झटका देतो आणि कोळंबी क्षणात आत. धोका वाढला तर तोही डोकं खाली घालून तिच्यामागे बिळात शिरतो. मी दाणे टाकले की गोबी मोठा तुकडा तोंडात धरून कधी बिळापाशी टाकतो, कोळंबी तो आत ओढून नेते. बाबा तासन्‌तास हे बघत बसायचे. ही जोडी आणायची असेल तर वाळू किमान पाच सेंटिमीटर ठेवा, त्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे मिसळा, म्हणजे बिळाचं छप्पर टिकतं. आणि दगड वाळूवर रचू नका. आधी थेट तळाच्या काचेवर बसवा, मग भोवतीने वाळू भरा. कोळंबी दगडाखालची वाळू उपसते आणि अख्खी रास ढासळून काच फुटू शकते. रात्री टाकीतून "टक्" असा मोठा आवाज आला तर घाबरू नका. तो तिच्या चिमट्याचा असतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अंधारात टॉर्च घेऊन काचेला तडा शोधत बसले होते.

क्लाउनफिश घेताना ऑसेलॅरिस जातीचाच घ्या आणि हॅचरीतलाच मागा. सीएमएफआरआय या कोचीच्या केंद्रीय संस्थेने क्लाउनफिश बंदिस्त पाण्यात वाढवण्याचं तंत्र बसवलं आहे, आणि आपल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशननेही ऐरोलीला अशा माशांची हॅचरी उभी केली. हॅचरीतला मासा पहिल्या दिवसापासून दाणे खातो आणि समुद्रातल्या रोगजंतूंचं ओझं सोबत आणत नाही. त्याच्यासाठी कुठल्या खडकावर सायनाइड फवारलेलं नसतं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. इंडोनेशिया आणि फिलिपिन्सकडे मासे असे गुंगवून पकडले गेले आहेत.

जोडी म्हणून दोन लहान पिल्लं घ्या, एक जरा मोठं, एक जरा लहान. नर-मादी विचारत बसू नका. क्लाउनफिश आधी नर असतात, दोघांतला जो वरचढ ठरतो तो पुढे मादी होतो. पहिले काही दिवस मोठा मासा लहानाला दटावतो. मग लहान मासा त्याच्यासमोर कुशीवर होऊन थरथरतो. ती शरणागती आहे, आजार नाही. असं दिसलं की जोडी जमली समजा. दोन सारख्या आकाराचे, मोठे झालेले मासे एकत्र सोडाल तर मात्र एक जाईपर्यंत भांडण मिटत नाही.

कोणाला आधी सोडायचं, यालाही महत्त्व आहे. पाणी तयार व्हायला माझ्याकडे पाच आठवडे लागले, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत. या काळात "स्वस्तातला डॅमसेल मासा सोडा, टाकी सायकल होईल", म्हणजे पाणी तयार होईल, असा सल्ला मिळेल. ऐकू नका. त्या अमोनियात मासा भाजून निघतो, आणि वाचलाच तर तो टाकीचा मालक होऊन बसतो. डोमिनो डॅमसेल पिल्लू असताना काळ्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांनी गोड दिसतो, मोठा झाला की नंतर आलेल्या प्रत्येकाचे पंख फाडतो. म्हणून आधी गोगलगायी आणि हर्मिट, दोन-तीन आठवड्यांनी कोळंबी आणि गोबी, आणि जागेवर हक्क सांगणारे क्लाउनफिश सगळ्यात शेवटी. हर्मिटसाठी चार-सहा रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर ते कवचासाठी गोगलगायींना मारतात. क्लीनर श्रिंप कात टाकते तेव्हा ते रिकामं कवच हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखं दिसतं. दगडामागे बघा, ती लपलेली असते. आणि माशांना तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर ते मुख्य टाकीत कधीही नाही, वेगळ्या टपात. तांब्याने कोळंब्या, खेकडे, गोगलगायी सगळे मरतात.

आपल्या हवेबद्दल थोडं. या प्राण्यांना 25 ते 27 अंश मानवतं, आणि ठाण्यात मे महिन्यात टाकी सहज 32 ला जाते. मी पाण्यावर वारा येईल असा छोटा पंखा लावते, त्याने दोन-तीन अंश उतरतात. पण तेवढं पाणीही उडतं. ती भर रोज साध्या आरओ पाण्याने घालायची, खाऱ्या नाही, कारण मीठ उडत नाही. पाण्याचा खारटपणा 1.025 विशिष्ट गुरुत्वावर ठेवायचा तर लहान टाकीत एक दिवसाचा आळसही दिसून येतो. क्लाउनफिश आणि गोबी असे थोडे चढउतार सोसतात, कोळंबीला ते सोसत नाहीत. उन्हाळ्यात गावी जाणं होत असेल आणि रोज पाणी घालणारं कोणी नसेल, तर कोळंबी घेऊ नका.

खरेदीच्या दिवशी घाई करू नका. दुकानदाराला तुमच्यासमोर दाणे टाकायला सांगा. जो मासा खात नाही, तो कितीही स्वस्त असला तरी नको. समोरून बघा, डोक्यामागे खळगा नको, पोट आत गेलेलं नको. कल्ले धापा टाकल्यासारखे चालत असतील, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, तर त्या टाकीतला दुसरा कुठलाही मासा घेऊ नका, पाणी एकच असतं. घरी आणल्यावर पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या. मग प्राणी बादलीत काढून बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा, माशाला तासभर, कोळंबीला दोन तास. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. त्या संध्याकाळी दिवे बंद ठेवा, खायला घालू नका, आणि घरातल्या मुलांना सांगून ठेवा की काचेवर टकटक करायची नाही.