जुन्या लष्करी ट्रकचा जाम टो-हुक: हातोडा उचलण्याआधीची तयारी

लिलावातून आणलेली शक्तिमान किंवा निसान वन-टन दोन-चार पावसाळे उघड्यावर उभी राहिली की मागचा टो-हुक (ट्रेलर किंवा बंद गाडी ओढायला अडकवायचा हुक) जाम झालेला सापडतो. इंदूरकडे हे काम बहुधा रविवारवर ढकललं जातं. तसं असेल तर तयारी गुरुवारी सुरू करा, कारण निम्मं काम तेल करतं आणि तेलाला आत शिरायला वेळ लागतो.

आधी नेमकं काय अडकलंय ते ठरवा. जागा दोनच: वरच्या जबड्याची पिन, आणि मागच्या क्रॉस मेंबरमधून (चासीच्या आडव्या तुळईतून) आत जाणारा दांडा, ज्यावर हुक गोल फिरतो. पुष्कळदा जबडा गंजाने अडकलेलाच नसतो; वर्षानुवर्षं चढवलेल्या रंगाचे थर खटक्यात बसलेले असतात आणि स्क्रॅपरवर काम भागतं. पिनच अडकली असेल तर तारेच्या ब्रशने तिची दोन्ही टोकं उघडी करा. एखादं टोक ठोकून पसरवलेलं असेल, तर ते ग्राइंडरने उडवल्याशिवाय पिन हलणार नाही. हे न बघता लोक तासभर घण मारतात.

पाने घ्यायला इंदूरच्या सियागंज बाजारात जाण्याआधी दांड्यामागचा नट व्हर्नियरने मोजा. शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनली, निसान जपानी. दोन्हींचे आटे मेट्रिक. महायुद्धातल्या अमेरिकन डॉजला इंची पाने लागतात. हुक मात्र एका गाडीचा दुसरीवर चढवलेला असू शकतो, तेव्हा गाडीच्या नावावर विसंबू नका. जाड भिंतीचा रिंग पाना आणि त्यावर बसणारा मीटरभराचा पाइप घ्या. दातेरी पाइप पाना (पाइप रेंच) नको, त्याने नटाचे कोपरे गोल होतात. सोबत दोन किलोचे दोन घण, पितळी सुंबा, नव्या स्प्लिट पिना दोन-तीन मापांच्या, ग्रीस गन आणि ग्रीस भरायचे दोन-तीन नवे निपल.

तेल घरी बनवा. पाव लिटर ॲसिटोन, पाव लिटर ऑटोमॅटिक गिअरचं तेल, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. दोन्ही एकमेकांत नीट मिसळत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घ्या. ॲसिटोन झटकन पेट घेतं, रंग आणि प्लास्टिक खातं. काम उघड्यावर करा. जुना निपल काढून त्याच भोकातून तेल आत सोडा, बाहेरून फवारण्यापेक्षा ते लवकर पोचतं. सकाळ-संध्याकाळ तेल, आणि दर वेळी कडेवर घणाचे हलके ठोके. त्या कंपनाने तेल फटीत उतरतं.

रविवारी सकाळी बॅटरीची तार सोडा, चाकांना ठोकळे लावा, हुकाखाली जॅक आणि लाकूड द्या. सुटला की तो पायावरच येतो. दांड्यावर स्प्रिंग किंवा रबरी बफर असेल तर नट दाबाखाली असतो. आट्यांच्या टोकाला आला तरी दाब जाणवत असेल तर थांबा, दोन सी-क्लॅम्पने स्प्रिंग धरा, मगच नट काढा. नट निघाल्यावर हुक खेचायचा नाही, फिरवायचा. हुकाच्या तोंडात पहार घालून एक-दोन अंश इकडे, एक-दोन अंश तिकडे, मध्ये तेल. पिन ठोकताना दुसऱ्या बाजूच्या कडेला, पिनचं तोंड मोकळं ठेवून, दुसरा घण टेकवून धरा, म्हणजे धक्का क्रॉस मेंबरमध्ये जिरत नाही. दुसऱ्या ट्रकला साखळी बांधून झटका द्यायची कल्पना कुणीतरी काढतंच. साखळी तुटली की गोळीसारखी येते.

गॅस टॉर्च सगळ्यात शेवटी. हुक घडीव आणि उष्णतेने कडक केलेला असतो. लाल केला तर नरम पडतो आणि मग तो ओढकामाला ठेवू नये. तापवायचा तो दांड्याभोवतीचा ब्रॅकेट, तोही पाण्याचा थेंब चर्रकन उडेल इतकाच. पन्नास मिलिमीटरचं भोक दीडशे अंशांनी तापलं की साधारण नऊ शतांश मिलिमीटर मोठं होतं, आणि आतला दांडा गार असेल तर तेवढं पुरतं. त्याआधी ॲसिटोनचं तेल पूर्ण पुसा, निपल काढलेलाच ठेवा (बंद पोकळीतलं तेल तापून फुटतं), रबर आणि वायर बाजूला करा, इंधनाची टाकी ओल्या पोत्याने झाका, अग्निशामक हाताशी ठेवा. पिवळसर मुलामा दिसला तर तो कॅडमियमचा असू शकतो. त्याचा धूर विषारी, तिथे टॉर्च लावू नका.

सुटलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरने साफ करता येतात: चार लिटरला मोठा चमचाभर सोडा, निगेटिव्ह हुकाला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या पट्टीला. स्टेनलेसची पट्टी नको, आणि स्प्रिंग या पाण्यात घालू नका. ती ठिसूळ होते. मग हुक रॉकेलमध्ये भिजवून पुसा, वर खडूची पूड लावा. चीर असेल तर रॉकेल रेषेसारखं बाहेर येतं. अशा हुकावर वेल्डिंग करून घेऊ नका, दुसरा शोधा.