मधुमेहाचा डोळा तपासताना किडनीचा रिपोर्टही मागा

मिरजेच्या ओपीडीत नव्याने लागणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणाऱ्या) मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक सवय लावायला सांगते. शुगरचा पेशंट समोर बसला की नंबर काढण्याआधी फाईल उघडायची आणि किडनीचे आकडे शोधायचे. कॉलेजात हे सगळं शिकलेलं असतं. पण डोळा एका पेपरला, किडनी दुसऱ्या पेपरला, त्यामुळे कामाच्या गर्दीत दोन्ही एकत्र आठवत नाही.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यातल्या झिरपू लागतात, ठिपक्यांएवढा रक्तस्राव दिसतो. किडनीच्या गाळणीतून अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन लघवीत उतरू लागतं. सुरुवातीला दोन्हीकडे काहीच जाणवत नाही. तक्ता ६/६, म्हणजे अगदी नीट, वाचणाऱ्याच्या पडद्यावरही खुणा सापडतात. म्हणून एकीकडे खूण दिसली की दुसरीकडे बघायचंच.

फाईलमध्ये बहुतेक वेळा फक्त क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा) असतं आणि ते ‘नॉर्मल’ म्हणून सोडून दिलेलं असतं. इथे थांबा. क्रिएटिनिन उशिरा वाढतं, शिवाय अंगात मांस कमी असेल तर ते कमीच दिसतं. ६८ वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन १.१ असेल तर रिपोर्टवर लाल खूणही नसते, पण वय घालून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, काढला तर तो ५५ च्या आसपास येतो. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर तो किडनीचा आजार. खरी लवकर सांगणारी तपासणी म्हणजे लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, एसीआर. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात झालेली, त्यावर गेला तर बरंच नुकसान. ताप, लघवीचा संसर्ग किंवा अंगमेहनतीनंतरही तो वाढतो, म्हणून तीन ते सहा महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच तो धरतात.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार चष्म्याचा नंबर काढायला आले होते. पडद्यावर रक्ताचे ठिपके आणि पिवळे डाग, फाईलमध्ये एसीआर नाही. ते म्हणाले, “मी डोळं दाखवाय आलोय, मॅडम. लघवी कशाला तपासायची?” मी म्हटलं, “काका, डोळ्यातल्या बारीक नसा खराब झाल्यात, तशा किडनीतल्याही झाल्या असतील. आत्ता कळलं तर गोळ्या-पथ्यावर आवरतं.” ते लगेच तयार झाले. इथल्या पेशंटला कारण नीट सांगितलं की तो ऐकतो, हा माझा ठाम अनुभव आहे. फक्त छाटणीच्या दिवसांतली तारीख देऊ नका. आणि बाहुली मोठी करायचे थेंब घालणार असाल तर गाडी चालवायला कुणाला तरी सोबत आणायला आधीच सांगा.

उलटं चित्रही भेटेल: लघवीत भरपूर प्रोटीन आणि पडदा स्वच्छ. टाइप २ मध्ये असं होतं. पडदा स्वच्छ आहे म्हणून किडनीही ठीक, असं पेशंटला कधीही सांगू नका. किडनीचं कारण मधुमेहापेक्षा वेगळंही असू शकतं, ते फिजिशियननी शोधायचं.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा, तोही बघून घ्या. किडनी थकलेल्या किंवा डायलिसिसवरच्या माणसात तो खोटा कमी येऊ शकतो. आकडा ६.५ आणि पडदा मात्र बिघडत चाललेला असेल तर हे आठवा. अंगावर सूज असेल तर तीही नोंदवा, कारण शरीरात पाणी साठलं की पडद्याच्या मध्यभागाची सूजही वाढू शकते.

पडदा डॉक्टरांनी बघितला की फिजिशियनकडच्या चिठ्ठीवर नुसतं ‘शुगर कंट्रोल करा’ लिहिलेलं जाऊ देऊ नका. पडद्यावर काय दिसलं, आज मोजलेलं बीपी, शेवटचं क्रिएटिनिन कधीचं, एसीआर झालाय की नाही, एवढं त्यावर असू दे. झाला नसेल तर तो करून चिठ्ठीसोबतच न्यायला सांगा, म्हणजे लांबून आलेल्या माणसाचा एक हेलपाटा वाचतो.