"गिअरबॉक्स गेला" म्हणतात, पण खरंच गेलाय का?

लोडर-डोझरचा ऑपरेटर म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." मी मान डोलावतो आणि उलटतपासणी सुरू करतो. मशिन सगळ्याच गिअरला सटकते की एकाच? फॉरवर्ड, रिव्हर्स दोन्हीकडे? थंड असताना ओढते आणि तापली की सोडते, असं आहे का?

जुन्या लोडर-डोझरच्या पॉवरशिफ्टमध्ये, म्हणजे तेलाच्या दाबाने गिअर पडणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, पंप, गाळणी आणि कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) सगळ्या गिअरना सामायिक असतात. त्यामुळे फक्त रिव्हर्स मेला असेल तर पंपाच्या नादी लागू नका. त्या एका क्लच पॅकचा (त्या गिअरच्या क्लच प्लेटांच्या संचाचा) सील किंवा त्याला तेल सोडणारा व्हॉल्व्ह बघा. सगळेच गिअर सटकत असतील तर दोष सामायिक वाटेवर शोधायचा. थंडपणी ठीक आणि गरम झाल्यावर ढिली, म्हणजे बहुतेक वेळा पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपातून किंवा कडक झालेल्या सीलमधून निसटतंय.

आता तेल. बहुतेक पॉवरशिफ्टची पातळी इंजिन चालू, न्यूट्रल, तेल गरम अशी बघतात. बंद इंजिनावर तेल खाली उतरतं आणि पातळी मोजायची काडी खोटं बोलते. तरी मशिनवरची पाटी आधी वाचा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. रेडिएटरच्या पाण्याने तेल थंड करणारा कूलर फुटल्याचा संशय घ्या आणि रेडिएटरमध्येही तेलाचा तवंग आहे का बघा. फेस येत असेल तर पातळी तपासा. ती बरोबर निघाली तर पंप हवा ओढतोय, म्हणजे सक्शन पाइपाची ओ-रिंग किंवा आतून सोललेला होज. करपट वास आला तर प्लेटा जळताहेत.

फिल्टर फेकू नका, कापा. माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वात प्रामाणिक साक्षीदार हाच. कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा, चुंबक फिरवा. चिकटलं ते पोलाद: बेअरिंग किंवा गिअरचे दात. चिकटत नाही आणि पिवळसर चमकतं ते क्लच प्लेटांचं किंवा बुशचं ब्राँझ. रुपेरी पण न चिकटणारं अ‍ॅल्युमिनियम असेल तर कन्व्हर्टरकडे बघा. रबराचे काळे तुकडे म्हणजे सील. बारीक धूळ जुन्या मशिनला असतेच. बोटाला टोचणारा कण निघाला तर मशिन थांबवा.

आता पेडल. बऱ्याच लोडरना डावं ब्रेक पेडल दाबलं की क्लचचं तेल तुटतं. पेडलखाली चिखल वाळून बसला किंवा लिंकेज अडकलं की ते पूर्ण परत येत नाही, दाब अर्धवट राहतो आणि चांगल्या प्लेटा घासून जळतात. गिअर लिव्हरची केबल ढिली झाली तरी तेच, स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी) खाचेत बसतच नाही. इंजिन बंद करून हाताने हलवून बघा, 'टक' जाणवायला हवी.

एवढं झालं की दाब मोजायचं गेज. टेस्ट पोर्टला (गेज जोडायच्या तोंडाला) लावून, तेल गरम असताना प्रत्येक गिअरचा दाब लिहून काढा आणि मॅन्युअलशी ताडा. सगळीकडे कमी तर पंप, गाळणी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. एकाच गिअरला पडला तर तिथली गळती.

स्टॉल टेस्ट, म्हणजे मशिन जागेवर धरून गिअरमध्ये रेस देऊन बघणं, शेवटी. बकेट जमिनीवर, चाकांना ओट, समोर-मागे कोणी नाही, ब्रेक घट्ट. मॅन्युअलमधल्या गिअरला टाकून पूर्ण रेस द्या, पण काही सेकंदच. तेल झपाट्याने तापतं, १२० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ देऊ नका. आरपीएम ठरल्यापेक्षा जास्त तर क्लच सटकतोय किंवा कन्व्हर्टरला पुरेसं तेल नाही. कमी आलं तर आधी इंजिनाचा दम तपासा. इंजिन धडधाकट असेल तर कन्व्हर्टरच्या स्टेटरवर (आतलं तेल वळवणाऱ्या पात्यांच्या चाकावर) संशय घ्या.

आणि मशिन टोचन करून न्यायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) आधी काढा. पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतली बेअरिंगं कोरडी घासतात.